सांगली ते न्यू जर्सी : अंतर नेमके किती?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना, सोमवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमचे आप्पा गेले. वय झालेले होते, पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होते. तेव्हा अनपेक्षित असे काही घडले नव्हते. तरीही श्वास थांबला आणि घरातील सारी माणसे जागच्या जागी थबकली. मग प्रत्येकाला आपापले काम आठवले. कुणी यार्डातील दुकानाला कळवले, कुणी पंडितांकडे गेले. मी धाकट्या भावाला फोन लावला.

धाकटा न्यू जर्सीत असतो. आपल्याकडे सोमवारची सकाळ असताना त्याच्याकडे मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटे झाली होती. पहिल्याच घंटेला त्याने फोन उचलला; झोपला नसावा. मी सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर एवढेच म्हणाला, “दादा, मी निघतो. थांबाल का?”

याला काय उत्तर द्यावे, ते मला सुचेना. खोलीत वीस-पंचवीस माणसे जमली होती. पुतण्याने खिशातून मोबाइल काढला आणि क्षणात सांगितले : न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने साडेचौदा तास. ऐकणाऱ्यांना हायसे वाटले. साडेचौदा तास म्हणजे उद्या पहाटेपर्यंत मुलगा दारात, असा हिशेब दोघा-तिघांनी मनातल्या मनात मांडलासुद्धा. आमचे काका त्या वेळी ऐंशीच्या घरात होते. ते भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “अंतर विचारू नका रे. इथे उंबऱ्यात किती वाजता पाय टाकेल, ते विचारा.”

मग कागद-पेन्सिल घेतली. थेट विमान तिकडच्या दुपारी साडेबाराला होते. म्हणजे बातमी कळल्यापासून जवळजवळ बारा तास त्याला तिथेच काढायचे होते. दुपारचे साडेबारा म्हणजे आपल्याकडे सोमवारी रात्रीचे अकरा. त्यात साडेचौदा तास मिळवले, की मंगळवारी दुपारी दीडला मुंबई. पारपत्राची रांग आणि सामान यांत एक तास. तिथून सांगली पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. घाटात वाहने अडली नाहीत तर आठ तास. मंगळवारची रात्र, साडेदहा. कोल्हापूरचे विमान पकडावे तर त्याची वेळ जुळत नव्हती. साडेचौदा तासांचे अखेर पस्तीस तास झाले. सूर्यास्तानंतर दहन करायचे नाही, तेव्हा बुधवारची सकाळ उजाडणार.

आपल्यात पार्थिव फार वेळ ठेवत नाहीत. प्राण गेलेल्या देहात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, असे आपण मानतो. म्हणून जितके लवकर तितके बरे, ही जुनी रीत आहे. बर्फाची पेटी सांगलीतही मिळते, हे एका पाहुण्यांनी दबक्या आवाजात सुचवले. आईने ऐकले. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. निर्णय तिचा होता आणि तो झाला. साडेचारला दहन झाले. पुतण्याने मोबाइल धरला होता. पलीकडे धाकटा होता. त्याच्याकडे सकाळचे सहा वाजले होते आणि अजून उजाडले नव्हते. तो स्वयंपाकघरातला दिवा लावून बसला होता, एवढेच मला त्या छोट्या पडद्यावर दिसले.

वाचकहो, हे कौटुंबिक दुःख येथे मांडण्याचे कारण वेगळे आहे. आज आपल्या समाजात असे घर क्वचितच सापडेल, ज्यातील एखादे माणूस परदेशात नाही. कुणी हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पला, कुणी दुबईला, कुणी संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेला. ‘आता काय, एका रात्रीत येता येते’ असे आपण सहज म्हणतो. तो प्रसंग होईपर्यंत मीही म्हणत असे. त्यानंतर मात्र हे अंतर आणि हा काळ नेमका कशाने बनतो, ते समजून घेण्याचा मला नाद लागला. अडत दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेब अर्धवट सोडवत नाही.

आरंभ अंतरापासून करू. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. या रेघेवरून खरोखर गेल्यास १४,२०० किलोमीटर पडतील. मग साडेबारा हजार कुठून आले? नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल, एवढेच त्याचे उत्तर. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल घ्यावा, मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. तो बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान यांवरून व्होल्गा नदीकडे चढतो, मॉस्कोच्या जवळून सेंट पीटर्सबर्गकडे जातो, पुढे फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे ओलांडून आइसलंडवर येतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जेमतेम चुकवतो आणि कॅनडातील लाब्राडॉरवरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. पश्चिमेच्या गावाला निघालेला माणूस मुंबईतून निघताना तोंड करतो ते वायव्येच्याही बरेच उत्तरेला. गोलावरच्या दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड वाट अशीच असते. पट्टीच्या रेघेपेक्षा ती जवळजवळ सतराशे किलोमीटरने कमी आहे. म्हणजे सांगलीहून दिल्लीला जावे, जवळपास तितकी बचत.

परंतु ही झाली दोऱ्याची वाट. विमानाला ती जशीच्या तशी मिळत नाही. खालच्या जमिनीप्रमाणे वरच्या आकाशालाही धनी असतात. ज्या देशावरून जायचे, त्याची परवानगी लागते, शुल्क भरावे लागते, आणि भांडण झाले की दार बंद होते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता बदलली, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी अफगाणिस्तानचे आकाश टाळले. युक्रेनचे युद्ध पेटले आणि २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोप, अमेरिका व रशिया यांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. नेवार्कहून मुंबईला येणारी एका अमेरिकन कंपनीची थेट सेवा त्याच मार्चमध्ये थांबली, कारण रशिया टाळून वळसा घालायचा तर तेवढ्या भाराने तेवढे उड्डाण परवडेना. भारतीय विमानांना रशियावरून वाट होती. पुढे २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असेच झाले होते. त्याचा सर्वांत मोठा फटका दिल्लीला बसतो. मुंबईची विमाने अरबी समुद्रावरून निघून जाऊ शकतात. तरी दोरा पुन्हा दक्षिणेला ढकलला जातो आणि किलोमीटर वाढतात ते वाढतातच. दोन राजधान्यांतील भांडणाची किंमत अशा रीतीने विमानात झोपलेल्या एखाद्या आजीच्या गुडघ्यांना मोजावी लागते.

यावर कुणी म्हणेल, वळसा पडला तर थोडे इंधन जास्त घ्यावे. पण तिथे हिशेब नाजूक आहे. या मार्गावर चालणाऱ्या बोइंग ७७७ जातीच्या लांब पल्ल्याच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. ते इंधन उचलून नेण्यासाठीच त्यातील बराच भाग जळतो. ट्रकने हळद पाठवताना डिझेलचे वजन कुणी धरत नाही. इथे मात्र निघताना इंधनाचेच वजन माणसे आणि सामान यांच्या कितीतरी पट असते. शेवटच्या एका तासाचे इंधन पहिले पंधरा तास वाहून न्यावे लागते. म्हणून मार्ग लांबला की कधी काही आसने रिकामी ठेवावी लागतात, कधी मध्येच युरोपात उतरून इंधन भरावे लागते, आणि मग दीड-दोन तास तिथे जातात.

आता वाऱ्याकडे येऊ. जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना साडेचौदा, हा फरक का? रस्ता तोच, विमान तेच. बऱ्याच सुशिक्षित माणसांनी मला सांगितले, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून तसे होते. ते खरे नव्हे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते. खरे कारण त्या हवेच्या आतील प्रवाह. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नागमोडी नदी वाहते. तिला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तिचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेहून येणारे विमान शक्य तेवढे या नदीत शिरते आणि तिच्या जोरावर पुढे सरकते. जाणारे विमान ती चुकवत चुकवत जाते, कधी आणखी उत्तरेला सरकून. विमानाचा स्वतःचा वेग ताशी नऊशेच्या घरात. तेरा हजार किलोमीटरच्या वाटेवर सरासरी सत्तर-ऐंशीचा जरी विरोध झाला, तरी सव्वा-दीड तास सहज वाढतो. कृष्णेत पोहलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. म्हणून ‘किती तास?’ या प्रश्नाला दिवसागणिक वेगळे उत्तर असते. वेळापत्रकात छापलेला आकडा हा व्यापाऱ्याने पुढे-मागे धरून लावलेला भाव आहे.

भावावरून आठवले. मालाचा भाव एक असतो आणि तो दुकानात येऊन पडतो ती किंमत वेगळी. मध्ये हमाली, तोलाई, अडत, भाडे, बारदान असते. प्रवासाचेही असेच आहे. मोबाइलवर दिसतो तो साडेचौदा तासांचा आकडा हा निव्वळ भाव. त्यावर घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ, आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोचण्याचा दंडक, उतरल्यानंतरच्या रांगा, सामानाचा पट्टा आणि मुंबईपासून गावापर्यंतचा रस्ता चढवावा लागतो. मुंबईकरांचे एक बरे, त्यांचा शेवटचा आकडा लहान असतो. सांगली, सोलापूर, लातूरच्या माणसाला मुंबईनंतर अजून अर्धा दिवस उरलेला असतो आणि गंमत म्हणजे थकवा त्याच अर्ध्या दिवसात सर्वांत जास्त येतो.

घड्याळाचे गणित मात्र वेगळे लक्षात ठेवावे लागते, कारण तिथे चुका होतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्या आठवड्यात निम्मे फोन चुकीच्या वेळी जातात. दुसरी चूक महागात पडते. मुंबईहून सुटणारी बरीच लांब पल्ल्याची विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. तिकिटावर पंधरा तारीख आणि रात्री दीडची वेळ असेल, तर घरून निघायचे चौदा तारखेला. आमच्या नात्यातील एक जोडपे पंधराच्या संध्याकाळी हार-तुरे घेऊन, निरोपाचे जेवण उरकून निघाले. विमानतळावर पोचले तेव्हा त्यांचे विमान अमेरिकेत उतरून कितीतरी तास झाले होते. दोष कुणाचाच नाही. दिवस सूर्योदयाला सुरू होतो असे मानणाऱ्यांच्या अंगवळणी ही मध्यरात्रीची तारीख पडत नाही.

आणि मला सर्वांत अधिक गुंतवले ते या सूर्योदयाच्या प्रश्नाने.

धाकटा मंगळवारी रात्री साडेदहानंतर पोचला. बुधवारी सकाळी रक्षाविसर्जन झाले. दहा-बारा दिवस तो राहिला आणि त्या दिवसांत त्याने रात्रीचे खाणे सोडले. तिकडे गेल्यापासून हा नियम सुटला होता. कुणी त्याला सांगितले नाही, त्याने आपणहून पुन्हा धरला. परत जाण्यासाठी दुपारी सांगलीहून निघाला. लोणावळ्याच्या अलीकडे साडेपाचला गाडी थांबवून डबा उघडला, कारण सहाच्या पुढे सूर्य मावळणार होता. विमान रात्री दीडला निघाले. पश्चिमेकडे जाणारे विमान रात्रीच्या पुढे पुढे पळते. मागून येणारी सकाळ त्याला गाठू शकत नाही. तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा तिथेही अंधारच होता. सूर्य उगवला तो सव्वासातनंतर, आपल्याकडे त्या वेळी संध्याकाळचे पावणेसहा वाजून गेले होते. म्हणजे सह्याद्रीत मावळलेला सूर्य पुन्हा दिसेपर्यंत साडेतेवीस तासांहून अधिक काळ गेला. घरी जाऊन, नवकारशी करून त्याने तोंडात घास घातला तेव्हा आधीच्या जेवणाला सव्वीस तास झाले होते. कॅलेंडरच्या हिशेबाने मध्ये एकच रात्र. त्याने फोनवर हे हसत सांगितले. आईला मात्र हसू आले नाही.

यामागील गणित सोपे आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा विषुववृत्तावरचे ठिकाण ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. ध्रुवाकडे जावे तसा हा वेग घटतो. साठाव्या अक्षांशावर तो बरोबर निम्मा, ८३५ किलोमीटर राहतो. विमानाचा वेग याहून थोडा अधिकच. त्यामुळे सेंट पीटर्सबर्ग किंवा ग्रीनलंडचे टोक यांच्या पट्ट्यातून पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानापुरता सूर्य जागच्या जागी थांबतो. रात्र असेल तर रात्र थांबते, सकाळ असेल तर सकाळ.

थांबलेली सकाळ मी स्वतः पाहिली. पुढच्या जून महिन्यात आईला घेऊन मी धाकट्याकडे गेलो. तेच रात्री दीडचे विमान. पाच-सहा तासांनी खिडकीची झडप वर केली तेव्हा पुढच्या पडद्यावरचा नकाशा कॅस्पियन समुद्र मागे पडल्याचे दाखवत होता आणि क्षितिजावर सूर्य नुकताच आला होता. माझ्या मनगटावर आपले पावणेसात वाजले होते, तेव्हा त्यात नवल नव्हते. नवल पुढे वाटले. नऊ वाजले, अकरा वाजले, दुपारचा एक वाजला. सूर्य आपला त्याच कोवळ्या उंचीवर, जणू देवळातून परतण्याची वेळ अजून टळलीच नाही. खाली बर्फ, ढग, पुन्हा समुद्र. घड्याळात संध्याकाळचे पाच वाजून गेले, तेव्हा आम्ही न्यूयॉर्कला उतरलो आणि तिथे सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. आईने विचारले, “आज आपला सकाळचा स्वाध्याय किती वेळा व्हायचा?” तिने ते गमतीने विचारले नव्हते.

विमानात नियम कसे पाळावेत, यावर घराघरांत वेगळी रीत आहे. कुणी निघाल्या गावच्या घड्याळाप्रमाणे चालतो, कुणी पोचायच्या गावच्या, कुणी खिडकीबाहेर दिसणाऱ्या सूर्याप्रमाणे. कुणी सरळ उपवास धरतो आणि मोकळा होतो. ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. त्यात मी पडत नाही. पण निघण्यापूर्वी ठरवावे, विमानात नव्हे, एवढे अनुभवाने सांगतो. जैन जेवण मागवण्याची सोय बहुतेक मोठ्या कंपन्यांत असते. तिकिटाच्या यादीत त्याची इंग्रजी चार अक्षरी खूण ‘व्हीजेएमएल’ अशी आहे. ती निदान दोन दिवस आधी नोंदवावी आणि निघताना खात्री करावी. ऐन वेळी काढलेल्या तिकिटावर ते मिळत नाही. आणि ते जेवण कधी समोर येईल, हे सूर्यावर नव्हे तर कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकावर ठरते.

डिसेंबरात आप्पांच्या प्रथम पुण्यस्मरणासाठी मी पुन्हा तिकडे जाऊन आईला घेऊन परत आलो. दुपारी साडेबाराला विमान निघाले. आता आम्ही सूर्याच्या उलट दिशेने, पूर्वेकडे उडत होतो; दिवस दोन्ही बाजूंनी आखडत होता. गाडी ढकलत कर्मचारी आले तेव्हा आईच्या हातातील घड्याळात न्यूयॉर्कचे दोन वाजून गेले होते आणि खिडकीबाहेर ऊन तांबूस झाले होते. भर दुपारच्या जेवणाला दिवस मावळत होता. मी म्हटले, “आई, लवकर आटप.” तिने चार घास घाईने घेतले, पाणी प्यायली आणि ताटली बाजूला सारली. तीन वाजण्याच्या आत अंधार पडला. ही रात्र मात्र छोटी, जेमतेम नऊ तासांची. मध्य आशियाच्या वर कुठेतरी पुन्हा उजाडले.

इथे थोडे मागे जाऊन पाहण्यासारखे आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी आचार्य आत्मारामजी यांना निमंत्रण आले होते. साधूंचा विहार पायी. त्यांना समुद्र ओलांडणे शक्य नव्हते. त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. वीरचंदभाई तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. बोटीने आणि आगगाडीने मुंबई ते शिकागो हा प्रवास तेव्हा कित्येक आठवड्यांचा होता. घरी काही बरेवाईट घडले तर पत्र पोचायलाही तेवढाच काळ, आणि म्हणून ‘थांबाल का?’ हा प्रश्नच त्या काळी कुणाच्या मनात उद्भवत नसे. पुढे ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला भारतीय विमान निघाले. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानाने ती सेवा लंडनहून पुढे न्यूयॉर्कला गेली. मुंबई ते न्यूयॉर्क मध्ये कुठेही न उतरता जाणारे एअर इंडियाचे विमान १ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाले. आठवड्यांचे दिवस झाले, दिवसांचे तास झाले. आमच्या घरी त्या सोमवारी वीस-पंचवीस माणसे मोबाइलकडे पाहत राहिली, ती याच तासांच्या भरवशावर.

परतीच्या त्या विमानात अंधार पडल्यावर आई बराच वेळ पुढच्या पडद्यावरचा नकाशा पाहत बसली होती. पांढऱ्या रेघेवर छोटेसे विमान मुंगीच्या गतीने सरकत होते. तिने विचारले, “मागल्या वर्षी धाकटा आला तो याच विमानाने?” मी हो म्हटले. मग तिने विचारले, “त्याने त्या दिवशी काय खाल्ले?”

मला ठाऊक नव्हते. वर्षभरात मी त्याला ते विचारले नव्हते. मुंबईला उतरल्यावर पहिला फोन आईने त्यालाच लावला. तो म्हणाला, तिकीट सकाळी काढले होते, जैन जेवण मिळाले नाही, समोर आले ते खाण्याजोगे नव्हते. एक केळे मिळाले, ते दिवस मावळायच्या आत खाल्ले.

तेव्हापासून न्यू जर्सीच्या त्याच्या घरी बाहेरच्या दाराजवळच्या कपाटात एक पिशवी कायम भरून ठेवलेली असते. पारपत्र, लागणारे कागद, भारतातील मोबाइलचे कार्ड, थोडे रुपये, खाकरे आणि बिनलसणाच्या भडंगाचे एक पाकीट. भडंग दर चार-पाच महिन्यांनी बदलायचे असते. ते इथून पाठवण्याचे काम आईने आपल्याकडे ठेवले आहे. अमेरिकेला जाणारे कुणी भेटले की आधी ती एवढेच विचारते, की सामानात पाव किलोची जागा आहे का.